मातृपक्ष संशयास्पद

बालाघाटच्या भोजराज नंदनवार मास्तरांनी आपल्या एकुलत्या एका मुलीवर पाळत ठेवायला सुरुवात केली ती सरकारी आदेशावरून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे वॉर्डात याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात सरकारचं नाव कोणी घेतलं नाही, सगळं मास्तरांच्याच माथी आलं.

साल एकोणसत्तर. दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्तरांना पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथले व्याख्याते शुद्ध हिंदीत बोलत आणि खडूच्या एका तुकड्यात सबंध माणूस फळ्यावर मांडून मोकळे होत. डाव्या हाताला लिहीत 'वंशानुक्रम', उजव्या हाताला 'वातावरण', आणि मधोमध एक गोल काढून त्यात 'बालक'. मग दोन्हीकडून बाण येऊन त्या गोलात घुसत. एका पंडिताच्या मते मूल म्हणजे कोरी पाटी, येईल तो लिहून जाईल. दुसऱ्याच्या मते पाटी आईच्या पोटातूनच लिहून येते, मास्तरांनी फक्त वाचायची. तिसऱ्याने मुलाच्या वयाच्या पायऱ्या पाडल्या होत्या आणि कोणत्या पायरीवर मूल खोटं बोलणार, कोणत्या पायरीवर टोळी करणार, हे त्याने ठरवूनही टाकलं होतं.

बाकीचे मास्तर डुलक्या घेत होते. भोजराज मास्तर मात्र त्या बाणांकडे टक लावून पाहत राहिले. बारा वर्षं शाळेत शिकवून त्यांचा समज असा झाला होता की पोरं आपली वाढतात, काकडीच्या वेलासारखी, कुठून कुठे गेली त्याचा हिशेब नसतो. आता कळलं की पोराची एकेक खोड कुठून तरी येते. म्हणजे ती आणणारा कोणीतरी असतो. म्हणजे तो सापडू शकतो. शिक्षणशास्त्र शिकायला गेलेला माणूस असा अर्धा फौजदार होऊन घरी परतला.

येताना त्यांनी आठ पानांचा एक छापील फॉर्म आणला. नाव 'बालक-अध्ययन'. कोणत्याही एका बालकाचं चाळीस दिवस निरीक्षण करायचं, त्याच्यातला एक विशेष गुण किंवा दोष शोधायचा आणि तो वंशातून आला की वातावरणातून, ते सिद्ध करायचं. फॉर्म तीन प्रतींत, शाईने भरायचा. नाही भरला तर ट्रेनिंग पुन्हा, तेही मे महिन्यात. खाली बारीक अक्षरात सूचना होती की स्वतःचं अपत्य शक्यतो टाळावं.

मास्तर सूचना पाळणारे. म्हणून ते पहिल्या दिवशी फॉर्म घेऊन शेजारच्या मैनाबाईच्या दारात गेले. मैनाबाईचा नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला होता आणि तिला पाच मुलं होती, म्हणजे निवडीला वाव होता. थोरली कमला तर मास्तरांच्या पुष्पलताच्याच वर्गात होती.

"मैनाबाई, तुमाले लेकरं किती?"

मैनाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "पाच. काहून?"

"आणखी होणार का?"

खरं तर फॉर्ममध्ये 'परिवार का संभावित आकार' असं विचारलं होतं. मास्तरांनी ते सोपं करून विचारलं. पण त्या वर्षी गावातल्या निम्म्या भिंतींवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि हातात कागद घेऊन दारात येणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं मत काही बरं नव्हतं.

"मास्तर, तुमी आमचे लेकरं मोजून काहून राह्यले?"

"मोजत नाई बाई. अभ्यास करून राह्यलो. बरं, तुमच्या सासरकडं कोणी वेडं होतं का?"

"नव्हतं बाप्पा," मैनाबाई सूप उचलून उठली. "आता मात्र दारात येऊन राह्यलं."

दुपारपर्यंत तिन्ही गल्ल्यांत बातमी पोचली की नंदनवार मास्तर शाळा सोडून ऑपरेशनच्या खात्यात लागले आणि माणूस आणून दिला की त्यांना बढती मिळते. मास्तर ज्या दारापुढून जात ते दार लागे. पुरुषमंडळी त्यांना पाहून पानठेल्यावरून उठू लागली. गल्लीच्या टोकाला तळ्याच्या बाजूने राहणारी शेवंताबाई वयाने पासष्टीची, विधवा आणि तोंडाने फाटकी. तिने भर रस्त्यात हाक मारून विचारलं, "मास्तर, मलेही नेता का कॅम्पात? तुमचा एक आकडा वाढन!"

मास्तर घरी आले, फॉर्मची घडी उलगडली आणि 'बालक का नाम' या जागी मुकाट्याने लिहिलं, पुष्पलता.

पुष्पलता नऊ वर्षांची. काडीसारखी, दोन वेण्यांची. घरात बोलायची कमी, पाहायची जास्त. मास्तरांनी आजवर तिला हाक मारली होती, रागावलं होतं, पाढे म्हणून घेतले होते, पण निरीक्षण असं कधी केलं नव्हतं. आता ते वही घेऊन खाटेवर बसू लागले. पोरगी जेवली की लिहीत. शिंकली की लिहीत. दोन दिवसांत पुष्पलताच्या लक्षात आलं की बाबाने वही उघडली की आपण काहीतरी करतो आहोत. तिने बाबासमोर काही करणंच बंद केलं. बोलणंही बंद. मास्तरांनी लिहिलं: 'बालिका अकारण गप्प. कशामुळे?'

इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. सातव्या दिवशी मात्र पहिला पुरावा हाती लागला. पुष्पलता रोज संध्याकाळी "कमलाकडं खेळाले जातो" म्हणून जायची आणि दिवेलागणीला यायची. त्या दिवशी मैनाबाईच कुंपणावरून म्हणाली, "तुमची पोरगी आमच्याकडं काहून येत नाई आता? तुमीच मना केलं असन. हौ, मोठे लोकं तुमी."

मास्तरांनी विचारलं, कधीपासून येत नाही? मैनाबाई म्हणाली, पंधरा दिवस झाले.

त्यानंतर मास्तरांच्या डोळ्यांना भलतंच काही दिसू लागलं. त्यांची जुनी काळी टोपी खुंटीवर कधी असे, कधी नसे. काच फुटलेल्या चष्म्याची फ्रेम ट्रंकेतून गेली आणि दोन दिवसांनी उलट्या बाजूने घडी होऊन परत आली. पुष्पलता संध्याकाळी परतताना गुणगुणत येई आणि अंगणात बाबा दिसला की गुणगुणणं गिळून टाके. वहीत लागोपाठ नोंदी झाल्या: 'असत्यभाषण. वस्तूंचा अपहार. संशयास्पद आनंद.'

आता हे आलं कुठून? मास्तरांनी आपल्या बाजूचे पूर्वज मनातल्या मनात उभे केले. आजोबा माग चालवत, वडील माग चालवत. खोटं बोलायला कोणाला सवडच नव्हती. मग त्यांची नजर बायकोच्या माहेराकडे वळली आणि तिथे मेहुणा वसंता सापडला. रामपायलीचा हा वसंता सतराव्या वर्षी बापाचं नवं धोतर आणि आईचं लुगडं घेऊन दंडारीच्या पार्टीबरोबर पळाला होता. दंडार म्हणजे आपल्याकडे धान कापल्यावर रात्रभर चालतं ते गाण्यानाचण्याचं नाटक. वसंता त्यात बाईचं सोंग घेई आणि फार छान घेई असं म्हणत. त्याच्या बापाने, म्हणजे मास्तरांचे सासरे डोमाजी यांनी, त्याचं नाव घरात घेणं सोडलं होतं. चोरी, खोटेपणा, घराबाहेर राहण्याची ओढ, सगळं एकाच जागी! फॉर्ममध्ये 'मातृपक्ष में कोई विशेष दोष' असा रकाना होता. मास्तरांनी ठळक शाईत मराठीतच लिहिलं, 'मातृपक्ष संशयास्पद', आणि पुढे उद्गारचिन्ह न देण्याचा संयम दाखवला.

उंची-वजनाचा रकाना मात्र अडला. दवाखान्यातला काटा तान्ह्या बाळांचा होता, पुष्पलता त्यात पाय दुमडूनही मावली नाही. कंपाउंडर म्हणाला, "स्टेशन ले जाइए गुरुजी, वहाँ बड़ा काँटा है।" मास्तर पोरीला घेऊन स्टेशनावर गेले. छोट्या गाडीची वेळ झालेली, फलाटावर टोपल्या, गाठोडी, माणसं. पार्सलबाबूने काट्यावर उभ्या असलेल्या पुष्पलताकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"कहाँ भेजना है?"

"कहीं नहीं। सिर्फ़ तौलना है।"

"बुकिंग के बिना तौल नहीं होती।"

"बुकिंग कैसे करूँ? लड़की है!"

"वही तो मैं पूछ रहा हूँ," पार्सलबाबूचा आवाज बदलला. "तौल के क्या करोगे?"

चारदोन माणसं जमली. टोपलीवाली एक बाई म्हणाली, आजकाल पोरी विकतात म्हणे. पार्सलबाबूने खाली वाकून पुष्पलताला गोड आवाजात विचारलं, "बेटी, ये तुम्हारे कौन हैं?"

पुष्पलताने मास्तरांकडे पाहिलं. पाहतच राहिली. मास्तर सांगतात की तेवढ्या वेळात गाडी लामत्याहून येऊन पोचली असती. मग ती म्हणाली, "मास्टरजी हैं।"

खोटं नव्हतं, पण ती वेळ या खऱ्याची नव्हती. पुढची पंधरा मिनिटं मास्तरांनी कशी काढली ते त्यांनी कोणालाच नीट सांगितलं नाही. शेवटी स्टेशनमास्तर बाहेर आले. त्यांच्या दोन मुली मास्तरांच्या शाळेत असल्याने ओळख पटली आणि पुष्पलताचं वजन झालं, एकवीस किलो. पार्सलबाबूने रेल्वेच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं: 'एक नग, ज़िंदा, २१ किलो.' मास्तरांनी ते फॉर्मला टाचलं.

घरी आले तर फॉर्मची बाकी पानं पुढ्यात घेऊन गोदाबाई बसलेल्या. मास्तरांच्या पत्नी गोदाबाई सातवी पास होत्या आणि त्यांचं अक्षर मास्तरांपेक्षा चांगलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं पण तो विषय कधी निघाला नव्हता.

"संशयास्पद म्हंजे काय जी?" गोदाबाईंनी विचारलं.

"ते शास्त्रीय आहे. तुले समजणार नाई."

"मले समजलं. म्हनून मीही लिवलं."

मास्तरांनी फॉर्म ओढून घेतला. 'पितृपक्ष में कोई विशेष दोष' हा रकाना त्यांनी अभिमानाने कोरा ठेवला होता. तिथे आता गोल, वळणदार, शाळेतल्या फळ्यावर शोभेल अशा अक्षरात लिहिलेलं होतं, 'पितृपक्ष हास्यास्पद'. तिन्ही प्रतींवर. शाईने.

नवा फॉर्म मिळतो का म्हणून मास्तर दुसऱ्याच दिवशी शिक्षण कार्यालयात गेले. कळलं की मिळतो, पण जुना कसा खराब झाला त्याचं लेखी स्पष्टीकरण, वर दोन साक्षीदारांच्या सह्या. मास्तरांनी स्पष्टीकरणाचा मसुदा तीनदा केला. तिन्ही वेळा 'माझ्या पत्नीने' या शब्दांपुढे पेन गेलं नाही. फॉर्म तसाच राहिला. गोदाबाई तोवर बोलणं बंद करून बसल्या होत्या आणि रामपायलीला कार्ड गेलं होतं.

चौथ्या दिवशी डोमाजी आले. खांद्यावर नव्या तांदळाची थैली, चेहरा कोर्टात आल्यासारखा. पाणीसुद्धा न पिता त्यांनी फॉर्म मागितला, लेकीकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "जवाई, माझ्या घराण्यावर लिवलं तुमी."

"मामाजी, तसं नाई. पोरगी रोज संध्याकाळी खोटं बोलून कुठं जाते. वस्तू नेते. आता वसंताचं..."

"ते नाव घेऊ नका," डोमाजी म्हणाले. मग मिशी ओढत म्हणाले, "कुठं जाते ते पाह्यलं तुमी?"

 महिनाभर लिहून मास्तरांनी दोन वह्या भरल्या होत्या, पण पोरगी जाते कुठे हे उठून पाहायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मंग चला. चोर कोनाच्या घरचा हाय ते पाहूनच मी पानी पिईन."

त्या संध्याकाळी पुढे नऊ वर्षांची पोरगी, फ्रॉकखाली काहीतरी लपवलेलं, आणि वीस पावलं मागे जावई-सासरे, असे तिघं गल्लीतून गेले. जावई भिंतीच्या कडेने चालत होता. सासरे रस्त्याच्या मधून चालत होते, कारण पाळत ठेवणं त्यांच्या मते गुन्हेगाराचं काम होतं. पुष्पलता तळ्याच्या बाजूला वळली आणि शेवंताबाईच्या घरात शिरली. घराला बेशरमाच्या झाडांचं कुंपण होतं. मास्तर त्यात शिरले. डोमाजींनी थोडा वेळ विचार केला आणि तेही शिरले.

ओसरीवर पाच-सहा बायका बिड्या वळत बसल्या होत्या. आता त्यांच्यात मैनाबाईही होती. पुष्पलताने फ्रॉकखालून काळी टोपी काढून घातली, नाकावर बिनकाचेची फ्रेम चढवली आणि ओसरीच्या कोपऱ्यातून चालत आली.

 मास्तर स्वतःच येत होते. डावा खांदा किंचित पुढे, एक हात मागे, जोडे काढायच्या आधीच "पाणी" अशी हाक. मग खोकला, एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. बायकांच्या हातातली पानं खाली पडू लागली. पुष्पलता आता खुंटीला टांगलेल्या आरशासमोर उभी होती. छाती काढून, बोट उगारून ती आरशाला म्हणाली, "सर, मैं साफ़ कह देता हूँ। ये अन्याय मैं सहन नहीं करूँगा।" मग गर्रकन वळली, खांदे पाडले, हात जोडले, "जी सर। हौ सर। बिलकुल सर।"

ओसरी हसून वाकली.  हेडमास्तरांना काय सुनावायचं याची तालीम मास्तर दार लावून करत. खिडकी लावायची राहत होती, हे आज कळलं.

"आता वहीवालं कर वं," शेवंताबाई डोळे पुसत म्हणाली.

पुष्पलता उकिडवी बसली, डोळे बारीक केले, कोंबडीकडे टक लावून पाहिलं आणि तळहातावर लिहिलं, "कोंबडीने दाना खाल्ला. संशयास्पद!"

कुंपण जोरात हललं. डोमाजी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसत होते. मास्तरांनी रागाने त्यांच्याकडे पाहिलं आणि परत वळले तर ओसरीवर काही निराळंच चाललं होतं. पुष्पलता कोणालातरी काट्यावरून अलगद उचलून खाली ठेवत होती. तिने कपाळावरचे नसलेले केस मागे सारले आणि मास्तरांच्याच आवाजात, पण अगदी हळू, म्हणाली, "एवढीशीच भरली वं माय. जेवत जा ना थोडं."

कोणी हसलं नाही. शेवंताबाईने नुसतं "हं" केलं.

मास्तरांना हे आठवत नव्हतं. स्टेशनावरचा सगळा अपमान त्यांना शब्दन् शब्द पाठ होता, पण आपण असं काही म्हणालो हे त्यांच्या कोणत्याच वहीत नव्हतं.

शेजारी डोमाजींचं हसणं थांबलं होतं. "हे आमच्याकडचंच हाय जवाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लिवा तुमी." मग थोड्या वेळाने, "लोकं दहा कोस चालत जाऊन वसंताले पाह्यत म्हनतेत. मी एकदाही नाई पाह्यलं. कसा करत असन तो?"

मास्तर काही बोलणार तोच ओसरीवरून शेवंताबाई कडाडली, "बेशरमात कोन हाय?"

या प्रश्नाला सभ्य माणसाकडे उत्तर नसतं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मी."

पुष्पलताच्या नाकावरून फ्रेम घसरली. टोपी काढायचंही तिला सुचेना. बायका बिड्या वळण्यात एकदम गढून गेल्या. मास्तर ओसरीच्या पायरीपाशी आले. महिनाभराच्या रागातलं बरंच शिल्लक होतं, वाक्यंही तयार होती, पण समोर आपलीच टोपी घालून आपलीच पोरगी उभी असताना ती वाक्यं कोणाच्या आवाजात म्हणावीत हे त्यांना कळेना.

"मी खोकतो का?" त्यांनी विचारलं.

"हौ," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

"दोनदा," पुष्पलता पुटपुटली. "बोलायच्या आधी."

शेवंताबाईने चटई पुढे सारली. "बसा मास्तर. बुढ्यालेही बोलवा. त्याले मच्छर चावून राह्यले असतीन."

डोमाजी बसले आणि पाणी मागितलं.

अहवालाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये लुडबुड नको. मास्तरांनी विशेष गुण लिहिला 'नक्कल', आणि तो आला कुठून या प्रश्नापुढे वंशानुक्रमाखाली 'मामा' व वातावरणाखाली 'अध्ययनकर्ता स्वयं' असं दोन्ही लिहिलं. व्याख्यात्यांनी लाल शाईने विचारलं, 'कोई एक लिखिए।' मास्तरांनी उत्तर पाठवलं नाही. त्यांना तिसऱ्या श्रेणीत पास केलं गेलं आणि वजनाची चिठ्ठी 'उत्तम प्रमाण' म्हणून ठेवून घेतली. गोदाबाईंनी लिहिलेल्या रकान्यावर मात्र कोणीही हरकत घेतलेली नव्हती आणि ही गोष्ट मास्तरांना बरेच दिवस खुपत राहिली. डोमाजी तेव्हा दोन दिवस राहिले आणि जाताना रामपायलीची गाडी न धरता वारासिवनीच्या पुढे कुठे दंडारीचा मुक्काम आहे त्याची चौकशी करत गेले.

पण त्या संध्याकाळी शेवंताबाईकडून घरी परतताना डोमाजी पुढे निघून गेले होते आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर बापलेक दोघंच होते. पुष्पलता टोपी हातात घेऊन चार पावलं मागून चालत होती. मास्तरांना खोकला आला. त्यांनी तो दाबला.

"बाबा, तुमाले राग आला का?"

"आला."

 मैनाबाईच्या घरचा दिवा दिसायला लागला.

"आणखी कोनाकोनाचं करतं तू?"

पुष्पलताने अंदाज घेतला. "हेडमास्तरचं येते मले. पन ते मी कोनाले दाखवलं नाई. भेव वाटते."

मास्तर थांबले. त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. पाण्याच्या बाजूला वाकून कोणी कपडे धुवायला राहिलं आहे का तेही पाहून घेतलं. मग तिच्या हातातली टोपी घेऊन त्यांनी तिच्या डोक्यावर नीट बसवली.

"कर," ते म्हणाले, "पन आवाज लहान ठेव."